जबडा दुखतोय? दाढ काढायच्या आधी एवढं बघा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. सभेला येता न आलेल्या सदस्यांसाठी लिहून देत आहोत.)



आज वसुलीचा विषय नंतर घेऊ. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. पण सभेत आरोग्य म्हटलं की आपण रक्त कमी असणं, बीपी, साखर आणि फार तर गर्भाशयाच्या पिशवीपर्यंत जातो. जबड्याबद्दल कुणी बोलत नाही. गटांची रजिस्टरं बघताना मात्र मला अंतर्गत कर्जाच्या कारणात 'दाढ' हा शब्द बऱ्याचदा दिसतो. एका ताईने दाढ काढायला कर्ज घेतलं. दुखणं थांबलं नाही म्हणून शेजारचीही दाढ काढली. आज दोन दाढा गेल्यात, कर्जाचे हप्ते चालू आहेत आणि कानाजवळचं दुखणं जसंच्या तसं आहे. दाढ दुखतच नव्हती. दुखत होता तो जबड्याचा सांधा.

सांधा म्हटलं की आपल्याला गुडघा आठवतो, खांदा आठवतो. तोंडाला सांधा असतो हे कुणी सांगितलेलंच नसतं. आता सगळ्यांनी दोन्ही हातांची पहिली बोटं कानाच्या पुढे ठेवा, कानाच्या त्या छोट्या पाळीला लागून. हळूच तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली काहीतरी हललं ना? तोच तो सांधा. एक डावीकडे, एक उजवीकडे. खालचा जबडा कवटीला तिथे जोडलेला असतो.

दाराची बिजागरी एका जागी फिरते. हा सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि तोंड मोठं उघडलं की कपाटाच्या खणासारखा पुढे सरकतो. दोन हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये एक छोटी चकती असते, गादीसारखी. जेवताना, बोलताना, जांभई देताना, आवंढा गिळताना हा सांधा हलत असतो. दिवसभरात किती वेळा, ते मोजायचं म्हटलं तरी जमणार नाही. गुडघा दुखला तर आपण बसून घेतो. जबड्याला बसून घ्यायला मिळत नाही.

ती चकती जागेवरून थोडी पुढे सरकली की तोंड उघडताना 'खट्' किंवा 'टक्' असा आवाज येतो. आवाज आला की बायका घाबरतात. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर काही करू नका. पुष्कळ लोकांना असा आवाज येतो आणि त्याला उपचार लागत नाही. आवाजाबरोबर दुखतं, जबडा अडकतो किंवा तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला ओढली जाते, तेव्हा लक्ष द्यायचं. कधीकधी चकती पुढे सरकते ती परत बसतच नाही. मग काल येणारा आवाज आज बंद होतो, पण तोंडही अर्धंच उघडतं. आवाज गेला म्हणून बरं वाटलं, असं तेव्हा समजू नका.

पण खरं सांगायचं तर बहुतेक जणींचं दुखणं चकतीचं नसतं, स्नायूंचं असतं. गालावर हात ठेवा आणि दात आवळा. गालात जो गोळा घट्ट होतो तो चावण्याचा स्नायू. कानशिलावर ठेवलंत तर तिथेही हलेल. लावणीच्या दिवसांत पोटऱ्या कशा भरून येतात? दिवसभर दात आवळले की हे स्नायू तसेच भरून येतात. सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकणं, गाल जड वाटणं, भाकरी चावताना दमायला होणं, कान दुखणं पण कानात काहीच न सापडणं, ही सगळी त्याची लक्षणं. कान दुखतो म्हणून कोमट तेल घालणाऱ्या किती जणी आहेत इथे? हात वर करा. तेल घालू नका. या दुखण्याला तेल पोचत नाही आणि पडद्याला भोक असेल तर कानाचं नुकसान होतं.

आपल्या भाषेत 'दातओठ खाऊन' काम करते म्हणतात ना, ते आपण खरोखर करतो. डोक्यावर मोळी घेतली की दात आवळतो. हंडा उचलताना आवळतो. नवरा चिडला, सासू बोलली, मुलाची फी भरायची आहे, हप्त्याची तारीख आली, उत्तर द्यायचं नसतं म्हणून आपण दातावर दात ठेवून बसतो. आणि रात्री झोपेतही काही जणी कराकरा दात खातात. शेजारी झोपलेल्याला कळतं, आपल्याला नाही. लहान मुलाने दात खाल्ले की आपण जंत झाले म्हणतो. मोठ्या माणसात ते जंताने होत नाही, ताणाने होऊ शकतं.

हे दुखणं बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. साधारण विशी ते चाळिशीच्या बायकांमध्ये तर जास्तच. म्हणजे ज्या वयात घर, शेत, गट, मुलं सगळं अंगावर असतं, त्याच वयात.

आता दाढ आणि सांधा यातला फरक कसा ओळखायचा? दाढेचं दुखणं एका दाढेवर बोट ठेवून दाखवता येतं. गार पाणी किंवा गरम चहा लागला की कळ येते, दाढेला भोक असतं किंवा हिरडी सुजते. सांध्याचं दुखणं विचारलं तर बाई पूर्ण तळहात गालावर ठेवते आणि कानापर्यंत नेते. ते चावल्याने, जांभईने, खूप बोलल्याने वाढतं. हा नियम शंभर टक्के लागू पडतो असं नाही, म्हणून शेवटी दातांच्या डॉक्टरांनीच बघायला हवं. पण 'दाढ काढून टाका' म्हणायच्या आधी त्यांना एक प्रश्न विचारा: "डॉक्टर, दाढ खरंच किडलीय का? एक्स-रेमध्ये दाखवता का?" हे विचारायला लाजू नका. पैसे तुमचे आहेत आणि दाढ परत उगवत नाही.

घरी काय करायचं ते सांगते. हे खर्चाचं काम नाही.

पहिलं म्हणजे दात एकमेकांना टेकवून ठेवायचे नाहीत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची आरामाची जागा. चावताना आणि गिळताना सोडून दातांना एकमेकांना भेटायचं कारण नाही. आत्ता बघा, किती जणींचे दात टेकलेत? हसू नका, माझेही टेकलेले असतात. यासाठी मी मोबाइलच्या मागे एक टिकली चिकटवलीय. टिकली दिसली की दात सोडायचे. तुम्ही चुलीजवळच्या डब्याला, आरशाला, शिलाई मशीनला चिकटवा.

जेवणाचं बघू. दोन-तीन आठवडे जबड्याला सुट्टी द्यायची. आपल्याकडे इंद्रायणीचा मऊ भात आहे, पेज आहे, मुगाची खिचडी आहे, नाचणीची आंबील आहे. भाकरी सोडायची नाही, कालवणात नाहीतर दुधात कुस्करून घ्यायची. ऊस, फुटाणे, सुकं खोबरं, कडक चकली, हाडावरचं मटण तेवढे दिवस बंद. पेरू, काकडी दाताने तोडायची नाही, चिरून खायची. आणि दोन्ही बाजूंनी चावायचं. एका बाजूची दाढ नसली की आपण वर्षानुवर्षं दुसऱ्याच बाजूने चावतो आणि सगळा भार एका सांध्यावर येतो.

शेक हा सगळ्यात स्वस्त उपाय. कोमट पाण्यात टॉवेल बुडवून पिळायचा आणि दहा-पंधरा मिनिटं गालावर ठेवायचा, दिवसातून दोन-तीनदा. तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडी केली तरी चालेल. आधी मनगटावर लावून बघा, गालाची कातडी नाजूक असते. शेकून झाल्यावर गालावर आणि कानशिलावर बोटांनी गोल गोल हलकं चोळायचं. ताजा मार लागून सूज आली असेल तर मात्र पहिले दोन दिवस शेक नको, थंड पट्टी.

व्यायाम एकच लक्षात ठेवा. जीभ टाळूला लावून ठेवायची आणि जीभ न सोडता जेवढं उघडेल तेवढंच तोंड सावकाश उघडायचं. सहा वेळा, दिवसातून चार-सहा वेळा. दुखलं तर तिथेच थांबायचं. जोर करून तोंड फाकवणं म्हणजे व्यायाम नाही. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड पूर्ण वासणार नाही.

आणखी काही बारीक सवयी आहेत. शिवणाचा दोरा दाताने तोडणं, टाचण्या दातात धरणं, युरियाच्या पोत्याची शिवण दाताने ओढणं, पिशवीची गाठ दाताने सोडणं. फोन खांद्यात धरून भाकरी थापणं. हे सगळं जबड्याला भोवतं.

एवढं केलं की बहुतेक जणींना काही आठवड्यांत बरं वाटतं. नाही वाटलं तर दातांचे डॉक्टर रात्री घालायला प्लॅस्टिकची पट्टी बनवून देतात, म्हणजे झोपेत दातावर दात घासत नाहीत. स्नायू सैल व्हायला औषध देतात, फिजिओथेरपी सांगतात. दुकानातून वेदनेची गोळी घेऊन रोज खाऊ नका. पित्त, बीपी, किडनीचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर मुळीच विचारल्याशिवाय नको. आणि कुणी पहिल्याच भेटीत सगळे दात घासून समान करू, किंवा सांध्याचं ऑपरेशन करू असं म्हणालं तर घाई करू नका, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. जे परत फिरवता येत नाही ते शेवटी करायचं, आधी नाही. जगभरातले या विषयातले डॉक्टर हेच सांगतात.

आता तीन बोटांची परीक्षा. पहिलं, मधलं आणि त्याच्या शेजारचं, अशी स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं गेली तर तोंड नीट उघडतंय. दोनच जातात किंवा एकच जातं, तर कारण शोधायलाच हवं. हे घरी गेल्यावर सगळ्यांचं करा, नवऱ्याचं आणि पोरांचंसुद्धा.

पोरांचं का म्हणते, तर तोंड कमी उघडण्याचं कारण प्रत्येक वेळी सांधा नसतो. आपल्याकडे मोठं कारण सुपारी आहे. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याला आधी तिखट झोंबायला लागतं, मग गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठर होते, पट्टे पडतात आणि तोंड हळूहळू मिटत जातं. यात 'खट्' आवाज येत नाही, सांधा दुखतही नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्या ताठर गालात पुढे कॅन्सर होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. पिरंगुटला कंपनीत जाणारी आपली पोरं काय खातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुलगा चिडेल म्हणून विचारायचं टाळू नका. "तीन बोटं घालून दाखव" एवढंच म्हणा.

आणि आपली मशेरी. दाढ दुखते म्हणून मशेरी, जबडा दुखतो म्हणून मशेरी, पोट साफ होत नाही म्हणून मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती लावल्यावर थोडा वेळ बधिर वाटतं, सांध्यात काही बरं होत नाही. तोंडाच्या आत पांढरे चट्टे आणि कॅन्सर मात्र तिच्यामुळे होऊ शकतो. ही नवी गोष्ट नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या पथकाने आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडं तपासली होती आणि 1972 मध्ये ते संशोधन छापून आलं. म्हणजे आपल्या आज्यांची तोंडं बघून डॉक्टरांनी पन्नास वर्षांपूर्वी तंबाखूचा धोका लिहून ठेवला. आपल्यापर्यंत तो अजून पोचायचाय.

आता जे सांगणार आहे ते सभेत बोलायला अवघड आहे. जबड्याच्या सांध्याला इजा होण्याचं एक कारण मार आहे. गाडीवरून पडणं असतं, बैलाचं शिंग लागणं असतं. आणि घरात कानाखाली बसलेला हातही असतो. डॉक्टरांना आपण "पायरीवरून पडले" सांगतो. डॉक्टर तसंच लिहितात आणि उपचार अर्धा होतो, कारण पुढच्या महिन्यात परत तोच मार बसतो. तुमच्या गटातल्या बाईचा जबडा पुन्हा पुन्हा दुखत असेल आणि ती कारण सांगायला टाळत असेल तर सगळ्यांसमोर विचारू नका. पाण्याला जाताना, बसची वाट बघताना, एकटीला विचारा. 181 हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, लगेच मदत हवी असेल तर 112. घरातल्या मारहाणीविरुद्ध 2005 चा कायदा आहे आणि संरक्षण अधिकारी असतात. काय करायचं ते तिने ठरवायचं. तिला नंबर माहीत असावा, एवढं आपण करू शकतो.

लहान मूल हनुवटीवर पडलं तर रक्त थांबलं म्हणून विषय सोडू नका. हनुवटीचा मार थेट कानाजवळच्या सांध्याला पोचतो. सांधा आतून जुळून गेला तर तोंड महिन्यागणिक कमी उघडतं, एका बाजूची हनुवटी वाढत नाही, मूल नीट जेवत नाही. पडल्यानंतर दर आठवड्याला त्याच्याच बोटांनी तोंड मोजा. कमी होतंय असं वाटलं तर अंगणवाडी-शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला दाखवा आणि थांबू नका. ऑपरेशन लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

काही वेळा मात्र शेक आणि टिकली करत बसायचं नाही, लगेच निघायचं. जबड्याबरोबर छातीत आवळल्यासारखं होतंय, घाम येतोय, दम लागतोय, डावा हात भरून येतोय तर 108 ला फोन करा. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका नुसत्या जबड्याच्या किंवा पाठीच्या दुखण्यानेही दिसू शकतो. विळा-कोयता लागून, मातीतली जखम होऊन काही दिवसांनी जबडा ताठ झाला तर तो धनुर्वात असू शकतो, तेव्हा सरळ मोठं रुग्णालय. अक्कलदाढेजवळ सूज, ताप आणि तोंड उघडत नाही, तरी त्याच दिवशी जा. आणि जांभई देताना तोंड उघडं राहिलं, मिटतच नाही, तर घरच्यांनी ठोसा मारून बसवायचं नाही. डॉक्टर खालच्या दाढांवर अंगठे ठेवून, जबडा खाली दाबून मागे सरकवतात. त्यांच्याकडेच ते काम सोडा.

दाखवायचं कुठे? आधी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढा. पुढे लागलं तर पुण्यात ससून आहे, आणि धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे तशी दंत महाविद्यालयं आहेत. दंत महाविद्यालयात जबड्याच्या शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग असतो आणि खर्च बाहेरच्यापेक्षा सहसा कमी येतो. जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून दुखतं, कुठल्या बाजूला, किती बोटं जातात, काय काय करून झालं.

बोलणं संपल्यावर दोन प्रश्न आले, ते इथे देते.

एका मावशींनी विचारलं, "फिट आली की दातखीळ बसते, तेव्हा चमचा घालायचा ना?" नाही मावशी. चमचा नको, चप्पल नको, कांदा नको. दात तुटतात, जबडा निखळतो, जीभ कापते. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतून आला, हळू आवाजात. "तीस वर्षं मशेरी लावतेय, एकदम कशी सुटेल? सकाळी लावली नाही तर डोकं धरतं." पहिले काही दिवस डोकं धरणार, चिडचिड होणार, हे खरं आहे. तंबाखूची सवय शरीराला लागलेली असते, तुमचं मन कच्चं आहे असा त्याचा अर्थ नाही. दिवसातून चार वेळा लावत असाल तर या आठवड्यात दुपारची बंद करा, पुढच्या आठवड्यात रात्रीची. सकाळची शेवटी. त्या वेळी तोंडात बडीशेप धरा, सुपारी नको. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची फुकट फोन सेवा आहे, नंबर 1800 11 2356. आणि आरसा घेऊन उजेडात गालाची आतली बाजू आजच बघा. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर सवय सुटायची वाट न बघता दाखवून या. येत्या बुधवारी मी पौडला आहेच, कुणाला सोबत हवी असेल तर मला किंवा तुमच्या सीआरपी ताईंना सांगून ठेवा.